बाहेरची बाटली

ह्यांची बाटली माझ्या पर्समध्ये यायला लागली ती नेरूळच्या एका साखरपुड्यापासून. त्याआधी ती ह्यांच्या ऑफिसच्या बॅगेत असायची, डबा आणि छत्रीच्या मध्ये. पण तो साखरपुडा रविवारी होता. रविवारी ऑफिसची बॅग घेऊन हॉलमध्ये शिरणारा माणूस कुणालाही विचित्रच वाटणार. शिवाय दारात वॉचमन पुरुषांच्या बॅगा उघडून बघत होता आणि त्याच्या डोक्यावर पाटी होती की बाहेरचे खाद्यपदार्थ आणि पेये आत आणायला सक्त मनाई आहे. रिक्षातून उतरता उतरता ह्यांनी ती दारूची हाफ बाटली काढली आणि माझ्या पर्समध्ये आहेराच्या साडीखाली सरकवली.

"अहो, काय करताय?"

"बायकांच्या पर्स बघत नाहीत," हे म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी साताऱ्याकडची. माहेरी दारूचं नावही दबक्या आवाजात घ्यायचे. त्या दिवशी वॉचमनसमोरून जाताना मी पर्स काखेत घट्ट धरली होती. त्यानं माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि आमच्यावर गुलाबपाणी शिंपडायला पुढे आलेल्या मुलीला वाट करून दिली. बस, एवढंच. मी आत गेले.

पुढे वीसेक वर्षं हे माझं कामच झालं.

ऑफिसातले हे चौघं जण. सीबीडी-बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात, एकाच मजल्यावर. एक खाडीकाठच्या गावचे, ज्यांचं घर अजून गावठाणातच आहे, म्हणून सगळे त्यांना गाववाले म्हणायचे. दुसरे चिपळूणचे. तिसरे रिटायर झाल्यावर नाशिकला गेले ते गेलेच. आणि चौथे हे. आमच्यासारख्यांच्या लग्नकार्यात जेवण केटररचं असतं, दारात वेलकम ड्रिंक म्हणून कोकम नाहीतर निळं काहीतरी सरबत असतं, पण ती दुसरी गोष्ट कुणी ठेवत नाही. यजमानाची इच्छा नसते असं नाही. हॉलवाला नाही म्हणतो, व्याही काय म्हणतील याची धास्ती असते, आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर मामा-आत्या बसलेल्या असतात. म्हणून ज्याला हवी त्यानं आपली आणायची आणि यजमानानं पाहूनही न पाहिल्यासारखं करायचं.

याचे काही रिवाज होते. ते कुणी सांगितले नाहीत, मी बघत बघत शिकले. आल्या आल्या पार्किंगकडे जायचं नाही. आधी स्टेजवर जाऊन आहेर द्यायचा, म्हाताऱ्यांच्या पाया पडायचं, निदान अर्धा तास खुर्चीत बसायचं. ग्लास केटररकडून मागून घ्यायचे, उचलून न्यायचे नाहीत. बर्फ कोल्ड्रिंकच्या टेबलावरच्या माणसाशी दोन शब्द गोड बोलून घ्यायचा. पहिला घोट यजमानाला. तो बिचारा मधूनच दोन मिनिटं सटकून येणार, उभ्या उभ्या घेणार आणि वेलदोडा चघळत परत स्टेजवर जाणार. रिकामी बाटली हॉलच्या आवारात टाकायची नाही. आणि जेवायला वेळेवर यायचं. हे म्हणायचे, "त्याने ताटामागे एवढे मोजलेत, आपण उशिरा जाऊन गार भात खाल्ला तर तो त्याचा अपमान." हे दोनच्या वर घेत नसत. हे मी बायको म्हणून झाकून सांगत नाही, खरंच घेत नसत.

मी घरी फॉल-पिकोचं काम करायचे, ब्लाउजही शिवायचे. एका दिवाळीत वेळ काढून मी स्वतःसाठी एक मोठी पर्स शिवली. बाहेरून पैठणीच्या उरलेल्या काठाची, आणि आत एक कापूस घातलेला, टाके मारलेला उभा कप्पा. बाटली हलू नये, कशावर आपटून वाजू नये म्हणून. ह्यांनी तो कप्पा बघितला आणि हसत सुटले. "तू तर तिच्यासाठी दुपटं शिवलंस," म्हणाले. बायका विचारायच्या, पर्स कुठून घेतली. मी पर्स मांडीवर उभी धरून ताठ बसलेली असायचे. कुणाला हातात घेऊन बघायला द्यायची सोय नव्हती.

पण एक सांगते. हॉलमध्ये शिरलं की बाकीच्या बायकांचे नवरे जे हरवायचे ते निघताना गाडीजवळच सापडायचे. माझे मात्र मध्ये दोनदा यायचे. एकदा साडेआठच्या सुमाराला, खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत, चेहरा अगदी गंभीर करून. वाकून म्हणायचे, "जरा रुमाल दे गं." मी पर्सवर पदर घेऊन बाटली रुमालात गुंडाळून द्यायचे. आणि मग वीस-पंचवीस मिनिटांनी परत, रुमाल द्यायला. तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी असली तर मिनिटभर बसायचे. "जेवलीस?" "तुमच्याशिवाय कशी जेवेन?" "चल मग." हे इतक्या वेळा झालं की त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

हे रिटायर झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही उलव्याला फ्लॅट घेतला. विमानतळ होणार, भाव वाढणार, असं सगळेच म्हणत होते. आमच्या मजल्यावर सहा दारं, त्यातल्या चारांना कुलपं. घेऊन ठेवलेले फ्लॅट. तिथं राहायला गेल्यावर आठव्या महिन्यात हे गेले. सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि लिफ्टजवळच्या बाकावर बसले, ते तिथंच. खालच्या सिक्युरिटीनं इंटरकॉमवर मला सांगितलं, "मॅडम, साहेब बसल्येत, उठत नाहीयेत." आता तीन वर्षं होऊन गेली. मुलगी बंगलोरला असते. रोज फोन करते, आणि रोज काय बोलायचं हा आम्हा दोघींनाही प्रश्न असतो.

बाई एकटी झाली की आमंत्रणं थांबतात. एकदम नाही, हळूहळू. हळदीकुंकू तर पहिल्याच वर्षी थांबलं. मग बारशी, डोहाळजेवणं. पत्रिका येते ती व्हॉट्सअॅपवर, दोनशे जणांना पाठवलेली. त्यात कुणाची चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यांनाही वाटत असेल, हिला कशाला त्रास, एकटी कशी येणार.

म्हणून गेल्या हिवाळ्यात गाववाले भाऊजी आणि त्यांची बायको पत्रिका घेऊन स्वतः दारात उभे राहिले तेव्हा मला काय करावं सुचेना. मी घरच्या गाऊनवर होते. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. वहिनींनी माझ्या कपाळाकडे बघितलं, क्षणभर थांबल्या, आणि सरळ कुंकू लावलं. हातात अक्षता दिल्या.

"वैनी, तुमी यावाचं हाय," भाऊजी म्हणाले. "हलदीला नाय जमला तर नाय, पन रिसेप्शनला तरी या. तो नाय म्हनून तुमी नाय, आसा चालनार नाय."

"येते हो, नक्की येते."

"नक्की मंजे नक्की. मी वाट बगनार."

ते गेल्यावर मी वॉर्डरोब उघडला. वरच्या फळीवर, सोलापुरी चादरींच्या मागे एक डबा होता. त्यात व्हिस्कीची पूर्ण बाटली, न फोडलेली. ह्यांच्या भाच्यानं दुबईहून आणलेली. भाऊजींची ही मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा हे पेढे खाऊन आले आणि डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही पोरगी उजवली की हिचं सील तिच्या बापाच्या हातानं फोडायचं." मग त्याला वर्षं झाली. हे गेल्यावर मी त्यांचे शर्ट दिले, चपला दिल्या, चष्मासुद्धा एका संस्थेला दिला. ती बाटली कुणाला द्यायची?

माझ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, आता कुणी असं नेत नाही गं. तिथं त्यांची काहीतरी सोय असेलच. आणि तू? तू बाटली घेऊन जाणार लग्नाला? कुणी बघितलं तर?"

"इतकी वर्षं कुणी बघितली नाही."

"तेव्हा बाबा होते."

तिचं तिलाच कळलं. ती सॉरी म्हणाली. मी म्हटलं, अगं सॉरी काय त्यात.

रिसेप्शनचा हॉल खारघरच्या पुढे होता. नवीन, काचेचा, बाहेर विजेच्या माळा सोडलेल्या. मी कॅबनं गेले. पैठणीकाठाची पर्स घेतली होती. पूर्ण बाटली त्या कप्प्यात कशीबशी बसली, मान थोडी वर राहिली, तिच्यावर मी रुमाल टाकला. आहेराचं पाकीट बाजूच्या खणात.

दारात दोन रांगा होत्या, पुरुषांची आणि बायकांची. बायकांच्या रांगेत निळ्या गणवेशातली एक मुलगी उभी होती आणि ती प्रत्येकीची पर्स उघडून बघत होती. मी इतक्या वर्षांत कधी हे बघितलं नव्हतं. परत फिरावं असं मनात आलं, पण मागे पाच-सहा जणी होत्या, गजरे माळलेल्या, घाईत.

"काकी, पर्स उघडा."

मी उघडली. तिनं रुमाल बाजूला केला.

"हे काय आहे?"

मागची कुजबुज थांबली. कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, कदाचित मला उगीच वाटलं असेल.

"बाहेरचं अलाउड नाही काकी. बोर्ड बघितला ना? कोणाची आहे?"

"माझ्या मिस्टरांची."

"कुठायत ते?"

मी रुमाल परत बाटलीवर ओढला.

"आत गेले काय?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले ते मला सांगता येणार नाही. तोंडातून तेच निघालं. मुलगी वाईट नव्हती. तिनं मला बाजूला घेतलं, मागच्यांना पुढे सोडलं, आणि टेबलावरून एक वही आणि पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. "इथं ठेवते. जाताना साहेबांना पाठवा, सही करून घेऊन जातील. नाव सांगा त्यांचं."

मी ह्यांचं नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पेन्शनच्या फॉर्मवर, बँकेत, सोसायटीच्या कागदांवर मी ते कितीदा लिहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याच्याआधी 'कैलासवासी' लिहावं लागलं होतं. तिनं नुसतं नाव लिहिलं. कार्ड दोरीनं बाटलीच्या मानेला बांधलं आणि बाटली टेबलाखाली ठेवली. मी आत गेले.

आत गोल टेबलं मांडली होती, प्रत्येकाभोवती आठ खुर्च्या. मी कोपऱ्यातलं एक टेबल बघून बसले. स्टेजवर गर्दी होती, भाऊजी आणि वहिनी घामाघूम होऊन फोटोंसाठी उभे होते. ओळखीची दोन-तीन माणसं भेटली. ऑफिसातल्या एका साहेबांच्या बायकोनं माझा हात धरला. "किती दिवसांनी! बसा हं, आलेच मी," म्हणाली आणि नातवाच्या मागे गेली.

"काकी, ही खुर्ची घेऊ का?" एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, घे ना. मग तिच्या भावानं दोन नेल्या. मग एक गृहस्थ आले, त्यांनी न विचारताच दोन उचलल्या, उरलेल्या दोन त्यांचा मुलगा घेऊन गेला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या टेबलाला मी एकटीच बसलेय, आणि भोवती दुसरी एकही खुर्ची नाही. वेटर निळ्या सरबताचा ट्रे घेऊन आला, एक ग्लास ठेवून गेला. ते सरबत नुसतं गोड होतं. मी ते थोडं थोडं पीत बसले, कारण हातात काहीतरी असलं की माणूस इतका एकटा दिसत नाही.

आणि साडेआठ वाजले. मी घड्याळ बघितलं नव्हतं. पण माझी मान आपोआप वळली, माणसांच्या मधल्या वाटेकडे. मी वाट बघत होते. तीन वर्षं झाली होती, मी दहनाला गेले होते, अस्थी हातात घेतल्या होत्या, आणि तरी मी त्या हॉलमध्ये मान वळवून बसले होते की आता येतील आणि रुमाल मागतील. हे लक्षात आलं तेव्हा मी ग्लास खाली ठेवला. घरी पलंगावर, स्वयंपाकघरात, त्यांची जागा रिकामी असते हे मला सवयीचं झालं होतं. पण लग्नाच्या हॉलमध्येही त्यांची जागा होती, हे मला माहीतच नव्हतं.

"वहिनी? एकट्याच?"

चिपळूणचे भाऊजी होते. निम्मे झाले होते. मागच्या वर्षी त्यांची बायपास झाली हे मी ऐकलं होतं, भेटायला जाणं झालं नव्हतं. खांद्याला स्टीलची बाटली लटकवलेली. कुठूनतरी खुर्ची ओढून आणली आणि बसले.

"हे काय घेऊन फिरताय?" मी विचारलं.

"कोमट पाणी. थंड चालत नाही, बाहेरचं चालत नाही. आमची स्वारी आता आपलं पाणी घेऊन निघते." मग माझ्या पर्सकडे बघून त्यांना पूर्वीचं आठवलं असावं. डोळे मिचकावून म्हणाले, "आणि तुम्ही काय आणलंय?" म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "माफ करा हं, जुनी सवय."

"आणलीय," मी म्हणाले. "दुबईवाली. गेटवर पकडली."

आधी त्यांना खरं वाटेना. मग ते हसले, इतके हसले की छातीवर हात दाबून धरावा लागला. आणि मग एकदम थांबले.

"तीच काय? हिच्या लग्नाला फोडायची म्हणायचा, ती?"

"तीच."

त्यांनी खांद्यावरची बाटली काढून टेबलावर ठेवली. "आम्ही आता भेटत नाही वहिनी. तुम्हाला वाटत असेल आम्ही भेटतो आणि तुम्हाला बोलवत नाही. तसं नाहीय. तो गेल्यापासून आम्ही तिघं एका जागी उभे राहिलेलो नाही. फोन तोच करायचा ना सगळ्यांना. आम्ही आपले येऊ म्हणायचो." मग उठले. "चला. पोरीच्या बापाला सांगू या."

स्टेजवर जायला मी कचरत होते. नवरा-नवरी बसलेले, मी अशी. पण वहिनींनी मला हाताला धरून वर ओढलं आणि नवरीच्या शेजारी उभं केलं. फोटो निघाला. पाकीट देताना मी भाऊजींच्या कानात सांगितलं. त्यांना ढोलाच्या आवाजात ऐकू येईना. "काय? कोनाची?" मी पुन्हा सांगितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. बायकोला म्हणाले, "दोन मिन्टात आलो," आणि फेटा तसाच ठेवून, पुढे आलेल्या पाहुण्यांना हात जोडत स्टेजवरून खाली उतरले.

आम्ही तिघं गेटवर आलो. मुलीनं मला ओळखलं आणि भाऊजींच्या फेट्याकडे बघून म्हणाली, "आले काय साहेब? सही करा इथं." वही पुढे केली. त्यात ह्यांचं नाव.

भाऊजींनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. मी काय सांगितलं असेल ते त्यांना न सांगता समजलं. त्यांनी पेन घेतलं आणि ह्यांच्या नावापुढे आपली सही केली. हात जरा थांबला, एवढंच.

"आत नाही नेता येणार हां साहेब," मुलगी म्हणाली.

"मी पोरीचा बाप हाय."

"असाल साहेब. पण रूल आहे."

भाऊजी चिडतील असं मला वाटलं. पण ते हसले. "बरोबर हाय तुजा. चला वैनी, भायेर."

असं करून मी पहिल्यांदा तिथं गेले जिथं हे लोक जायचे. हॉल वेगळा होता, पण पार्किंगचा मागचा कोपरा सगळीकडे सारखाच असणार. एक भिंत, जनरेटर, केटररची रिकामी पातेली, दोन मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या. जनरेटरची इतकी घरघर की बोलताना ओरडावं लागत होतं. मला वाटायचं, तिथं काय मजा चालत असेल. इतकी वर्षं मी आत ताठ बसून तिथल्या हशाची कल्पना करत होते.

ग्लास नव्हते. चिपळूणच्या भाऊजींनी आपल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण काढलं, कोमट पाण्यानं विसळलं आणि पुढे केलं. गाववाल्या भाऊजींनी सील फोडलं. झाकणात थोडी ओतली, बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर टाकले आणि थांबले. मग झाकण माझ्यापुढे धरलं.

"पयला तुमी."

"मी? अहो भाऊजी, मी कधी..."

"तुमी आनली. जो आनतो त्याला कदी इचारलाच नाय आमी."

मी घेतली. एक घोट. कडू, आणि घसा जाळत गेली, डोळ्यांत पाणी आलं. मला प्रामाणिकपणे वाटलं, एवढ्यासाठी? भाऊजींनी उरलेली घेतली. दुसऱ्या भाऊजींनी नुसता वास घेतला आणि आपलं पाणी प्यायले.

"तुम्ही इथं काय बोलायचात?" मी मोठ्यानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "काय नाय वो," गाववाले भाऊजी म्हणाले. "हापिसातला. कोनाची बदली. गुडघं."

"आणि तो घड्याळ बघायचा," चिपळूणचे म्हणाले. "दुसरी संपली की लगेच. आम्ही थांबवायचो, तर म्हणायचा, 'नाही रे, ती एकटी बसलीय.' आम्ही चिडवायचो त्याला."

जनरेटरचा आवाज होता ते बरं झालं.

तेवढ्यात भाऊजींचा पुतण्या हाका मारत आला की मुलाकडचे फोटोसाठी खोळंबलेत. भाऊजींनी बाटलीचं झाकण लावलं, आणि मला विचारलं, "ही मी ठेवू?" यजमानाकडे उरलेली ठेवायची असते. मी मान हलवली. त्यांनी ती गाडीच्या डिकीत ठेवली आणि फेटा सावरत गेले. चिपळूणच्या भाऊजींना घरून फोन आला, गोळीची वेळ झाली होती. "येत जा वहिनी कधीतरी आमच्याकडे," म्हणाले. मी हो म्हटलं. मग मी परत आत जाऊन जेवले. वरण-भात, एक जिलबी. भात गरम होता.

वहिनींचे त्यानंतर दोन फोन आले. एकदा मी होते, एकदा नव्हते. चिपळूणच्या भाऊजींकडे अजून जाणं झालेलं नाही. तिघं पुन्हा भेटले का, मी विचारलेलं नाही.

या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगचा वर्धापनदिन गच्चीवर झाला. ग्रुपवर मेसेज होता: जेवण केटररचे, ड्रिंक्स प्रत्येकाने आपापली आणावीत. आता हे असं उघड लिहितात. मी तो मेसेज तीन-चारदा वाचला. आपापली म्हणजे माझी काय? मला काय प्यायला आवडतं हे मी आठवू लागले आणि आठवायला बराच वेळ लागला. शेवटी ताक केलं. आलं, मिरची, कोथिंबीर, वरून जिऱ्याची फोडणी. स्टीलच्या झाकणाच्या जगमधून घेऊन वर गेले.

गच्चीवर तीन-चार टोळकी होती, प्रत्येकाची आपली बाटली, आपला बर्फ, आपलं गाणं. कुणी उद्धटपणा केला नाही. "या काकी, बसा," म्हणाले, आणि बसायला जागा दिली, आणि परत आपल्या बोलण्यात गेले. डोक्यावरून विमान गेलं की सगळे वर बघायचे. अजून नवेपणा आहे.

सहाव्या मजल्यावरच्या एक बाई कठड्याजवळ उभ्या होत्या. माझ्याहून मोठ्या. त्यांना मी लिफ्टमध्ये बघितलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

"ताक आहे, घेणार?" मी विचारलं.

"मी काही आणलं नाही हो. मेसेज वाचलाच नाही."

"असू दे. भरपूर आहे."

केटररकडून दोन ग्लास मागून आणले. त्या एका दमात प्यायल्या आणि म्हणाल्या, "मिरची जास्त झालीय जरा." मी म्हटलं, हो, झालीय. त्यांनी अजून अर्धा ग्लास घेतला. त्यांच्या मिस्टरांना पार्किन्सन आहे, मुलगा तळोज्याला कंपनीत शिफ्टला असतो, त्या अर्धा तास सुटून आल्या होत्या. एवढं सांगून त्यांनी घड्याळ बघितलं आणि खाली गेल्या. जेवायला थांबल्या नाहीत.

मी थांबले. जेवले. केटररची माणसं टेबलं दुमडायला लागली तेव्हा दोन्ही ग्लास गच्चीवरच्या नळाखाली विसळून दिले आणि जग घेऊन जिन्यानं खाली आले. उरलेलं ताक मी दुसऱ्या दिवशी दुपारी भातावर घेतलं.